नंबरात ठेवलेली घागर

तेल्हारा,
१० सप्टेंबर २०२५

…सांबार, पुण्याच्या लोकांची कोथिंबीर, मुळासकट उपटून पाण्यात हलवला होता, माती निघाली होती, आणि जुड्या बांधायला मी ओट्यावर बसले होते. आरतीने चहाचे कप विसळले आणि न सांगता समोर येऊन बसली. तिचा हात अजून विसरलेला नाही. मूठभर काड्या घ्यायच्या, मुळं एकसारखी करायला एकदा ओट्यावर आपटायच्या, केळीच्या सोपटाचा वेढा द्यायचा, झाली जुडी. दहा-बारा जुड्या झाल्या. मग मी विचारलं.

"आरती, तू करतं तरी काय? मले समजीन असं सांग."

तिने जुडी खाली ठेवली. म्हणाली, "आई, इतक्या वर्षांत पगार सगळ्यांनी इचारला. हे कोनीच नाई इचारलं."

पार्बताबाई, पत्राची सुरुवात नमस्काराने करतात हे मला माहीत आहे. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही. नमस्कार वाचून पत्र बाजूला ठेवाल या भीतीने आधी सांबार टाकला. सांबार टाकला की भाजी खाल्ली जाते.

तर आता नमस्कार. मी कौशल्या, तुमच्या सुनेची आई. आपण विहिणी आहोत, ओळख द्यायची गरज नाही, पण रुसलेल्या माणसाला ती नव्याने द्यावी.

महालक्ष्म्यांच्या दिवशी अमरावतीला तुमच्या घरी काय झालं ते मी दोन्हीकडून ऐकलं. तुमची बाजू जावईबापू गजेंद्ररावांनी फोनवर सांगितली, इकडची आरतीने. दोन्ही जुळतात, म्हणून खरं असावं. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं तिने पहाटेपासून तुमच्याबरोबर केलं. पंगत बसायच्या वेळेला कंपनीचा फोन आला आणि ती खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. बाहेर पाहुण्या बाया विचारत होत्या, सून कुठे आहे. फुलोऱ्याभोवती लावलेल्या दिव्यांच्या सिरीजला बोर्डात जागा नव्हती, म्हणून तुम्ही एक प्लग काढून सिरीजचा लावला. काढलेला प्लग तिच्या इंटरनेटचा होता. ती बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, प्लग काढला त गाडीभर मानसं रस्त्यावर उभी राहतीन." भरल्या पानांवर, देवीपुढे, असं. तुम्ही तिला निघ म्हणालात. ती निघाली.

आता तुमचा निरोप आहे की दिवाळीला सून यायची असेल तर लॅपटॉप माहेरी ठेवून येईल, नाहीतर येणार नाही. आणि आरती म्हणते, ठेवून जाणार नाही. गजेंद्रराव दोघींच्या मधे उभे आहेत आणि दोन्हीकडे मान हलवतात.

मी भांडायला लिहीत नाही. पण लॅपटॉप ठेवून यायचं म्हणजे नेमकं काय ठेवून यायचं, ते तुम्हाला कळावं. आणि मला. मलाही माहीत नाही. आमचे हे शेवटपर्यंत लोकांना सांगत, "पोरगी कंप्युटरात हाये", जशी काही ती त्याच्या आत राहते. त्यांना तिला विचारायचं होतं. फोनवर बोलताना तोंड उघडलेलं मी पाहत असे, आणि मग "जेवली का" एवढंच बाहेर यायचं. ते गेल्यावर मला वाचायला वेळ जास्त झाला आणि वाचलेलं सांगायला माणूस उरलं नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. जुड्या बांधताना तिला रोज थोडं विचारायचं. मला समजलं की तुम्हाला लिहायचं. तुम्ही मॅट्रिक आहात, मी रद्दीच्या कागदावर अक्षरं शिकलेली. मला समजलं तर तुम्हाला समजेलच.

तुमची,
कौशल्या

*

तेल्हारा,
१६ सप्टेंबर २०२५

पार्बताबाई, नमस्कार.

समजलं. काल दुपारी समजलं आणि मला जेवण सुचेना. तुम्ही समोर असता तर हात धरून बसवलं असतं.

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं मी धरते.

आरतीची कंपनी ट्रॅव्हल्सच्या सीटा विकते. म्हणजे गाड्या दुसऱ्यांच्या, हे फक्त तिकीट देतात, मोबाईलवर. तुम्ही पाहिलंच असेल. गाडीचं चित्र येतं, त्यात सीटांचे चौकोन. रिकामी सीट पांढरी, गेलेली सीट राखाडी. मला इतके दिवस वाटायचं की पुण्यात कोणीतरी बसलेलं असेल आणि तिकीट गेलं की रंग लावत असेल. तिथे कोणी नसतं. आरतीने आणि तिच्यासारख्यांनी आधीच लिहून ठेवलेलं असतं. कोणी सीट दाबली तर काय करायचं. दाबून तसंच सोडून दिलं तर काय करायचं. बाईमाणसाच्या बाजूची सीट अनोळखी पुरुषाने मागितली तर काय म्हणायचं. पैसे कापले गेले आणि त्याच वेळेला मोबाईल बंद पडला तर काय. मशीन तेवढंच करतं. त्याला "पाहून घे बापू" असं म्हणता येत नाही. पाहून घेणं जे असतं ना, तेच सगळं आरतीला लिहावं लागतं.

मी तिला म्हटलं, मग एकदा लिहिलं की झालं, रोज रोज काय करतेस? ती म्हणाली, "आई, तू एकडाव निंदलं त झालं काय? गवत पुन्हा येतच नाई?"

आता खरी गोष्ट ऐका.

आमच्याकडे नळ येतो त्या दिवशी आम्ही आदल्या संध्याकाळपासून घागरी नंबरात ठेवतो. तुमच्याकडेही पूर्वी ठेवत असतील. बाई घरी असली तरी तिची घागर रांगेत उभी असते आणि कोणी तिच्या पुढे जात नाही. पण घागर ठेवून बाई आलीच नाही, तर किती वेळ थांबायचं? थोडं थांबतो, हाक मारतो, मग घागर बाजूला सरकवतो. आमच्या शेजारच्या तानुबाईची घागर सरकवली की तानुबाई कशी बोलते ते तुम्ही लग्नात ऐकलं आहे. मांडवात तिच्या खुर्चीवर कोणी बसलं होतं तेव्हा.

मोबाईलवर सीट दाबली म्हणजे घागर नंबरात ठेवली. पैसे भरेपर्यंत ती सीट तुमच्यासाठी धरून ठेवतात. वेळात पैसे नाही आले तर घागर सरकवतात आणि सीट पुन्हा पांढरी होते. हे आरतीने लिहिलेलं आहे. मी तिला म्हटलं, हे तर तू नळावर शिकली. ती म्हणाली, शिकले असेन.

आणि दुखणं कुठे होतं पाहा. पैसे भरायला गेलेली बाई रेंज नाही म्हणून रस्त्यात अडकली. इकडे वेळ संपला, घागर सरकली, सीट दुसरीला गेली. तेवढ्यात पहिलीचे पैसे पोचले. आता पहिलीकडेही तिकीट, दुसरीकडेही तिकीट, आणि सीट एक. दोघी खऱ्या.

आठवलं का? उन्हाळ्यात तुम्ही पुण्याहून आलात तेव्हा तुमच्या खिडकीच्या सीटवर लेकरू घेऊन एक बाई बसलेली होती. तिच्याकडेही तिकीट होतं. तुम्ही मेहकरपर्यंत ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर बसून आलात आणि नंतर बरेच दिवस पाठ धरून बसला होतात. ते तिकीट आरतीच्या कंपनीचं होतं की नाही ते मला माहीत नाही. पण दुखणं हेच.

महालक्ष्म्यांच्या दिवशी सणासाठी घरी निघालेल्यांच्या सीटा अशाच दुहेरी जात होत्या. पंगतीच्या वेळेला ती खोलीत बसून हेच पाहत होती.

काल हे कळल्यावर मी ओट्यावरून उठून घरात एक चक्कर मारून आले. यांना सांगायला गेले होते. मग परत येऊन बसले.

तुमची,
कौशल्या

*

तेल्हारा,
२४ सप्टेंबर २०२५

पार्बताबाई, नमस्कार.

तुमचं पत्र आलं. चार ओळी आल्या, चारही तिखट, पण आल्या. मी ते देव्हाऱ्याजवळ ठेवलं आहे. आरतीला दाखवलं नाही. मी तुम्हाला लिहिते हेच तिला माहीत नाही.

तुम्ही लिहिलं की तासन्‌तास बसून असते, हात हलत नाही, याला काम म्हणायचं असेल तर आमच्या दारातली म्हसही नोकरीवर आहे. वाचून मी एकटी हसले. मग मी तीन-चार दिवस तिच्यावर लक्ष ठेवलं, तुमच्या बाजूने.

इथे घरात रेंज नाही. लिंबाखाली येते, तीही वारा असेल तशी. तिथे यांची बाज टाकून दिली आहे, वर लाकडी पाट ठेवून टेबल केलं आहे. परवा दुपारी ती त्या बाजेवर बसली आणि खरंच काही करत नव्हती. पडद्याकडे पाहायची, मग वावराकडे पाहायची. मी चहा ठेवला, त्यावर साय आली. तुमचं म्हणणं मला पटू लागलं होतं.

मग मला यांची आठवण झाली. ठिबकच्या नळीने शेवटच्या झाडांना पाणी पोचेनासं झालं की हे ओळीने चालत जायचे. हात मागे बांधलेले, मान खाली. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, माळी हवा खातो आहे. पण ते प्रत्येक थेंब पाहत असत. कुठे कचरा अडकला, कुठे उंदराने नळी चावली. सापडलं की काम जरा वेळाचं असायचं. सगळा दिवस सापडण्यात जायचा.

ऊन उतरलं तेव्हा ती बाजेवरून उठली आणि अनवाणीच माझ्याकडे पळत आली. "सापडलं वो आई." घागर सरकवणारा आणि पैसे घेणारा एकमेकांना विचारतच नव्हते. दोघं आपापलं काम बरोबर करत होते, फक्त बोलत नव्हते. मी तिच्याकडे पाहिलं, आणि तुमची नि माझी आठवण झाली. ते मी तिला बोलले नाही.

दुसरं तुम्ही लिहिलं की सकाळी कानात घालून परक्या पुरुषांशी हसत बसते. सोमवारी मी तिच्या बाजूला जाऊन बसले, सांबार घेऊन. ती नको म्हणेपर्यंत मी पडद्यात दिसलेसुद्धा. पाच-सहा चेहरे होते, त्यात दोन बाया. प्रत्येकाने सांगितलं की काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. निंदायला जाण्याआधी बाया बांधावर उभ्या राहून ओळी वाटून घेतात, तेच. त्यांचा मोठा साहेब किशोर म्हणून आहे, आपल्या चांदूर रेल्वेचा निघाला. मला म्हणाला, "काकू, माह्या मायले कोनी इचारलं पोरगा काय करते, त ते सांगते टायपिंग." सगळे हसले. आरती हसते ती याला. मीही हसले, म्हणून सांगते.

तिसरं, ती देवीपुढे अभद्र बोलली. पार्बताबाई, आवाज चढवला ते चुकलं, आणि ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. पण अभद्र नव्हतं ते. ती खरंच रस्त्यावर बॅगा घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल बोलत होती. आणि तुम्हीही मुद्दाम केलं नाही. तो इंटरनेटचा डबा कोपऱ्यात पडून असतो, थोडा गरम होतो, एक निळा दिवा लुकलुकतो, आणि काहीच करत नाही असं दिसतं. आरतीसारखाच.

तिला इथे घाई नाही. भूक चांगली लागते. कालपासून माझ्या हातच्या कळण्याच्या भाकरी मागते आहे. तुम्हीही विचार करायला वेळ घ्या.

तुमची,
कौशल्या

*

तेल्हारा,
३० सप्टेंबर २०२५

पार्बताबाई, नमस्कार.

हे पत्र शनिवारीच लिहून झालं होतं. पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. काहून ठेवलं ते मी मलाच विचारलं, आणि आज काढलं. दसऱ्याचा झेंडू घेऊन आमचा भाजी नेणारा गाडीवाला देवमन अमरावतीला येतो आहे, त्याच्याजवळ देते. पिशवीभर झेंडू तुमच्यासाठी वेगळा आहे, मोठ्या फुलांचा. तो दारात येईल, त्याला परत पाठवू नका. पत्र नाही घेतलं तरी फुलं घ्या.

काम असं आहे. आरतीने दुरुस्ती केली. घागर सरकवण्याआधी आता पैशाकडे विचारणा होते, वाटेत आहेस का, म्हणून. वाटेत असेल तर थांबतात. थांबण्यालाही हद्द आहे. ती संपली आणि सीट दुसऱ्याची झाली, तर मागून आलेले पैसे ठेवून घ्यायचे नाहीत, तिकीट द्यायचं नाही, त्याच पावली परत पाठवायचे. पण हे खरंच होतं का ते पाहायचं कसं? पुण्याच्या ऑफिसात रेंज इतकी चांगली आहे की कोणाचे पैसे वाटेत अडकतच नाहीत. किशोर म्हणाला, आरती, तुमच्याकडे नेट खराब आहे ना, मग तिथेच पाहू. पार्बताबाई, आमच्या रेंजचं कौतुक पहिल्यांदाच कोणी केलं. तानुबाईला सांगितलं तर ती म्हणाली, मग त्याले म्हना, आमचा रस्ता बी पाह्य.

तर येत्या रविवारी, पाच तारखेला, सकाळी अकरा वाजता आमच्या मळ्यात बाया जमणार आहेत. ज्यांच्या घरी मोबाईल आहे त्या सगळ्या. एका सरावाच्या गाडीची एकच सीट, ड्रायव्हरच्या मागची खिडकीची, सगळ्यांनी एकदम दाबायची. गाडी खरी नाही. पैसेही खोटे, कोणाच्या खात्यातून जाणार नाहीत. आरतीला पाहायचं आहे की एवढ्या हातांतून सीट एकालाच जाते की नाही.

त्याची लिंक आरतीने मला पाठवली, बायांना द्यायला. ती मी गजेंद्ररावांच्या मोबाईलवर टाकली आहे आणि सांगितलं आहे की आईच्या मोबाईलमध्ये घालून द्या, आणि आरतीला बोलू नका. जावयाला असं काम सांगू नये, पण सांगितलं.

तुम्ही दाबा. रविवारी अकराला. आमच्याकडून सगळ्या तेल्हाऱ्याच्या आहेत, अमरावतीचं कोणी नाही. तुम्हाला सुनेचं काम पटत नसेल तर तसंच राहू द्या. पण एकदा हात लावून पाहा. आपण भाजी विकणारी माणसं, न चाखता कडू म्हणत नाही.

नाही दाबलं तर मी समजेन, आणि दिवाळीचा विषय मी पुन्हा काढणार नाही. आरती इथेच राहील. माझं घर भरलेलं राहील. एवढंच लिहायचं होतं.

तुमची,
कौशल्या

*

तेल्हारा,
६ ऑक्टोबर २०२५

पार्बताबाई,

तुमच्या बाजूला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या बाजूला काय झालं ते मी सांगते, कारण आरती नीट सांगणार नाही.

सकाळी दहापासून बाया येऊ लागल्या. कोणी लुगड्याच्या घडीत मोबाईल, कोणी नातवाचा मागून आणलेला. देवमन गडीमाणूस असून आला. तानुबाई त्याला म्हणाली, "तुले कोनं बलावलं?" तो म्हणाला, गाडीचं काम आहे ना, मग ड्रायव्हर लागीनच. आरतीने सगळ्यांना पांगवून बसवलं. काही लिंबाखाली, जिथे रेंज आहे. काही गोठ्यामागे, जिथे नाही. तानुबाईला मुद्दाम विहिरीच्या कडेला पाठवलं, तिथे रेंज येते आणि जाते. ती म्हणाली, "मले वाईट जागा देल्ली." आरती म्हणाली, "मावशी, तुमचीच जागा कामाची हाये." मग ती अशी बसली की कोणी उठवू नये.

आरती बाजेवर, लॅपटॉप पाटावर. किशोर आणि बाकीचे पडद्यात. रविवार असून सगळे आलेले. ज्या बाईने दाबलं तिचं नाव तिने टाकलेलं असेल तसं आरतीच्या पडद्यावर येणार होतं. माझं लक्ष पडद्याकडे नव्हतं, ते तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. मी तिच्या मागे उभी राहून फक्त एका नावाची वाट पाहत होते. आणि मनात काय होतं ते विचाराल तर, दोन्ही होतं. यावं असंही होतं, येऊ नये असंही.

आरती म्हणाली, "दाबा."

पडद्यावर नावं धावली. सुमन आली, देवमन आला, मग तानुबाई. तानुबाईची घागर पहिली लागली. सीट तिच्यासाठी धरून ठेवली गेली. ती पैसे भरायला निघाली, म्हणजे बटण दाबलं, आणि तिकडे विहिरीपाशी तिची रेंज गेली. नेमकं हवं होतं तेच. आरती पडद्याकडे वाकली. किशोर म्हणाला, "पाहा आता." पैशाला विचारणा झाली, थोडं थांबले, काही उत्तर नाही, हद्द संपली. घागर सरकली. सीट पांढरी झाली आणि त्याच क्षणी कोणीतरी ती घेतली.

तेवढ्यात तानुबाईची रेंज परत आली. तिचे पैसे येऊन पोचले. महालक्ष्म्यांच्या दिवशी याच ठिकाणी दुसरं तिकीट निघालं असतं. तानुबाईच्या मोबाईलवर मराठीत अक्षरं आली की ही सीट दुसऱ्या प्रवाशाला गेली आहे, तुमचे पैसे परत केले आहेत. तानुबाईचं तिकीट निघालं नाही. पडद्यात पुण्याचे लोक टाळ्या वाजवू लागले.

आरती वाजवत नव्हती. ती पडद्याला बोट लावून बसली होती. मग माझ्याकडे वळली.

"आई, हे 'पार्बताबाई, अमरावती' कोन?"

मी सांबाराला पाणी मारायला गेले. म्हणजे गेले असं केलं.

तानुबाई विहिरीकडून तणतणत आली. "माहा नंबर होता. कोन वो हे अमरावतीवाली?" आरतीने उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. तुमचं नाव तिच्या मोबाईलवर "अहोंच्या आई" असं आहे, मी ते आज पहिल्यांदा वाचलं. ती उभी राहिली. पदर नव्हता, ओढणी होती, ती डोक्यावर घेतली. फोनवर कोणाला दिसतं, पण घेतली.

तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. आरतीने नंतर सांगितलं आणि मी तुमच्याच शब्दांत लिहिते, चुकलं तर सांगा. तुम्ही म्हणालात, "सीट मले भेटली. आता काय दाबू?" ना कशी आहेस, ना काही. ती म्हणाली, आई, आता वय टाका. तुम्ही म्हणालात, वय कायले पाहिजे त्यायले. मग तिने तुम्हाला एकेक करून तिकिटापर्यंत नेलं. आम्ही सगळ्या बाया भोवती उभ्या. इकडून फक्त तिचं ऐकू येत होतं. "हो आई. खाली पाहा. हिरवं. हो, तेच."

मग तुम्ही विचारलं, गाडी कधीची आहे. ती म्हणाली, आई, गाडी खरी नाही. आणि तुम्ही म्हणालात, "असू दे. खिडकीपाशी मीच बसीन. कोनाले देऊ नको."

त्यावर ती हसली आणि मग रडली, आणि तानुबाई म्हणाली, सीट माही गेली अन् रडून राहिली हे.

आणि पार्बताबाई, फोन ठेवताना तुम्ही जे म्हणालात ते आरतीने मला तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. "वायरमनले बलावलं होतं. सिरीजले अलग बोर्ड बसवला, तुह्या डब्याले अलग. दिवाईले त्याच्या प्लगले कोनी हात लावनार नाई." तो वायरमन कधी बोलावला होता? गजेंद्ररावांना मी विचारलं. ते म्हणाले, मी ठिबकचं लिहिलेलं पत्र तुम्हाला मिळालं त्याच आठवड्यात. म्हणजे झेंडूच्या आधी. मग फोन करायला एवढे दिवस का लावले, हे मी विचारणार नाही. माझंही पत्र पिठाच्या डब्याखाली होतं.

तुमची विहीण,
कौशल्या

*

तेल्हारा,
१५ ऑक्टोबर २०२५

पार्बताबाई, नमस्कार.

आरती सुखरूप पोचल्याचं तुम्ही कळवलंत. स्वतः फोन केलात, मला फार बरं वाटलं. तुम्ही म्हणालात, पत्रं थांबवू नका, फोनवर तुम्ही अर्धं बोलता. म्हणून हे लिहिते.

रविवारी गजेंद्रराव न्यायला आले. जेवायला वांग्याची भाजी आणि कळण्याची भाकर केली, ते पोटभर जेवले. आरतीने लॅपटॉप आपल्या मांडीवर घेतला, पिशवीत नाही. गाडी निघाल्यावर मी लिंबाखालचा पाट आत आणला. बाज तिथेच राहू दिली. यांची बाज पावसाळ्यात आत असते, पण आता पाऊस संपला आहे. आणि खरं म्हणजे तिच्यावर कोणीतरी बसलेलं पाहायची सवय पुन्हा लागली.

जाताना तिने विचारलं, आई, एकटी राहशील ना? मी म्हटलं, रोज सकाळी तुझ्यासारखंच करीन. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. तिने विचारलं, कोणाला सांगशील? मी म्हटलं, पार्बताबाईंना लिहीन. आणि यांना तर सांगतेच.

एक गोष्ट तुम्हाला कळवायची राहिली. अकोल्याच्या भाजीबाजारात यांचे एक जुने सोबती आहेत, खुशालराव. पालकाच्या ढिगाआड बसतात. मी दिसले की चार वर्षांपासून एकच विचारतात, "वहिनी, पोरगी कंप्युटरातच हाये ना?" आणि मी हो म्हणून पुढे जाते. यांनी त्यांना तेवढंच सांगितलं होतं, मलाही तेवढंच माहीत होतं.

आरती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी सांबार उपटला, धुतला, जुड्या बांधल्या आणि देवमनच्या गाडीने अकोल्याला गेले. खुशालरावांनी नेहमीसारखं विचारलं. मी टोपली खाली ठेवली, त्यांच्या पालकाशेजारी बसले आणि त्यांना नळावरच्या घागरीपासून सगळं सांगितलं.

तुमची,
कौशल्या